थीम पार्क बदलतं तेव्हा: साताऱ्याकडच्या नेहमीच्या मंडळींना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते. २०१४ पासून, कोविडची वर्षं सोडली तर, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मोठ्या थीम पार्कात जाते. कधी शाळेची सहल घेऊन, कधी घरच्यांना घेऊन, एकदोनदा सांगलीच्या नणंदेच्या कुटुंबाबरोबर. राज्यातली पार्कं पाहिली, राज्याबाहेरची पाहिली. परदेशातली पाहिलेली नाहीत, पण त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत आले आहे. तिथं चाळीस-पन्नास वर्षं जाणारे लोक आहेत आणि त्यांच्या तक्रारी वाचताना त्या आपल्याच वाटतात. शिक्षकांच्या खोलीत, लग्नकार्यात, एसटीत शेजारी बसलेल्या बाईंकडूनही तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

वर्षातून एकदा जाणाऱ्याला ‘नेहमीचा’ कसं म्हणायचं?

अमेरिकेत वर्षाचा पास काढून दर शनिवारी संध्याकाळी पार्कात फिरायला जाणारी माणसं आहेत, आपण साताऱ्यातल्या चार भिंतींच्या टेकडीवर जातो तशी. आपल्याला ते जमणारं नाही. खोपोलीचं इमॅजिका पार्क साताऱ्याहून पावणेदोनशे किलोमीटर, सांगलीहून तीनशेच्या घरात. पहाटे पाचला निघायचं, खंबाटकीचा बोगदा अंधारातच ओलांडायचा, खेड शिवापूरला पोरांना जागं करून चहा-बिस्किटं द्यायची, आणि गेट उघडायच्या आधी पोचायचं. त्यासाठी महिनाभर आधीपासून पैसे बाजूला काढलेले असतात.

पण माझा अनुभव असा की वर्षातून एकदा जाणाऱ्यालाच बदल जास्त लागतो. दर आठवड्याला जाणाऱ्याला काम चालू झालेलं दिसतं, पत्रे उभे राहताना दिसतात, मनाची तयारी होत जाते. आमच्या मनात वर्षभर जे पार्क असतं ते मागच्या वर्षीचं असतं. दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीला परसातला शेवगा तोडलेला दिसावा, तसं आम्हाला ते गेटातून आत गेल्यावर एकदम दिसतं. घरच्यांना त्याचं काही विशेष नसतं, त्यांनी तो तुटताना पाहिलेला असतो.

एक राईड बंद झाली तर एवढं काय बिघडतं? बाकीच्या आहेत ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून घरचीच गोष्ट सांगते. कुठलं पार्क आणि कुठली राईड ते सांगत नाही.

माझी मुलगी सात वर्षांची असताना एका रोलर कोस्टरच्या तोंडाशी आम्ही उभ्या होतो. तिथं उंची मोजायची लाकडी पट्टी होती, वरच्या टोकाला लाल रेघ. मुलगी टाचा उचलून उभी राहिली. तिथला दादा हसून म्हणाला, “ताई, टाचा टेकवा तिच्या.” टाचा टेकवल्या आणि डोकं रेघेच्या बरंच खाली गेलं. घरी आल्यावर तिने स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने दोन खुणा केल्या. एक स्वतःची, एक लाल रेघेची. लाल रेघेची उंची तिने तिथंच माझ्या खांद्याशी मोजून लक्षात ठेवली होती. पुढं दर गुढीपाडव्याला डोक्यावर वही आडवी धरून नवी खूण व्हायची. सहावीत असताना ती रेघेच्या दोन बोटं वर गेली.

त्या वर्षी आम्ही गेलो. तिकीट काढताना कुणी काही बोललं नाही. ती पुढं पळत गेली, आणि आम्ही पोचलो तेव्हा निळ्या पत्र्यांसमोर उभी होती. पत्र्यांवर काहीतरी नवीन येतंय असा फलक. जवळच्या कर्मचाऱ्याला विचारलं तर म्हणाला, “ती कायमची गेली मॅडम.” उंचीची पट्टी मात्र कुणी काढली नव्हती, पत्र्यांच्या बाहेर तशीच उभी होती. मुलगी तिच्याखाली जाऊन उभी राहिली, टाचा टेकवून. लाल रेघ तिच्या केसांखाली गेली होती. मग म्हणाली, चला, भूक लागली.

बिघडतं ते हे. राईड यंत्र असते, दुसरं यंत्र येतं. पण ज्या दिवशी मुलाला सांगितलं की ‘अजून मोठा हो, मग ये’, त्या दिवशी त्याला शब्द दिला गेला. शब्द पाळता येणार नसेल तर तसं आधी सांगायला हवं. माझं या सगळ्या विषयातलं म्हणणं बहुतेक एवढंच आहे, बाकीचे प्रश्न त्याच्याच आजूबाजूचे आहेत.

मग चांगली चालणारी राईड काढतातच कशाला?

कारणं खरी असतात आणि ती समजून घ्यायला हवीत. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला पहिलं कारण सगळ्यात पटतं: लोखंड थकतं. रुळांच्या सांध्यांवर, चाकांवर, गाडीच्या कण्यांवर दिवसभर तोच ताण पुन्हा पुन्हा येतो, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडत जातात. म्हणून चांगल्या पार्कात रोज सकाळी गेट उघडायच्या आधी तपासणी होते, रिकाम्या गाड्या फिरवून बघतात. एका वयानंतर ही देखभाल नव्या राईडपेक्षा महाग पडू लागते. मोठ्या कोस्टर बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या आहेत. खोपोलीची नायट्रो स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार या कंपनीची आहे. अशी कंपनी चालू असेल तोवर सुटे भाग मिळतात. ज्या राईडची कंपनीच बंद पडली, तिचा एकेक भाग नव्याने घडवून घ्यावा लागतो.

दुसरं कारण हक्कांचं. एखाद्या सिनेमातलं पात्र वापरायचं तर करार असतो, त्याला मुदत असते, पैसे असतात. तिसरं जागेचं: नवीन काही करायचं तर जुनं हलवावं लागतं. अमेरिकेत ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल पार्कमधली शार्कची बोटीची राईड २ जानेवारी २०१२ ला बंद झाली आणि तिच्या जागेवर जुलै २०१४ मध्ये हॅरी पॉटरच्या गोष्टीतली डायगन ॲली ही गल्ली उभी राहिली. शार्कसाठी हळहळणारेच त्या नव्या गल्लीत तासन्‌तास रांगेत उभे राहिले.

आणि हे काही आजचं नाही. वॉल्ट डिस्नेने १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हापासून त्याचं म्हणणंच असं होतं की हे काम कधी पुरं होणार नाही. सिनेमा एकदा पडद्यावर गेला की त्यात हात घालता येत नाही, पार्क मात्र सुधारत नेता येतं, हे त्याला पार्कातलं सगळ्यात आवडणारं होतं. बदल हा थीम पार्कच्या जन्मापासूनचाच गुण आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

म्हणजे नेहमीच्या लोकांना सगळं जुनंच हवं असतं, असं नाही?

अजिबात नाही. रांगांवर सावली आली, पिण्याच्या पाण्याचे नळ वाढले, वॉटर पार्कात बायकांच्या कपडे बदलायच्या खोल्यांना नीट कड्या आल्या, तेव्हा सगळ्यात आधी आनंद आम्हालाच झाला. नवीन आलेल्या माणसाला आधी काय होतं ते माहीतच नसतं. एप्रिलमध्ये डांबरावर दीड तास ४२ मुलांना घेऊन उभं राहिलेल्या बाईला एका ताडपत्रीची किंमत कळते.

नव्या राईडही आवडतात. खोपोलीची राजासॉरसची बोट मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तिथंच तास घ्यावासा वाटला. राजासॉरस हा खरा डायनोसॉर आहे, आपल्या देशातला. त्याची हाडं गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडली आणि २००३ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. परदेशी टी-रेक्स आणून ठेवणं सोपं होतं, कुणीतरी बसून आपला डायनोसॉर निवडला. ज्याने निवडला त्याला मी ओळखत नाही, पण दर सहलीत त्याचे आभार मानते. बोट उतारावरून पाण्यात आदळून मुलं भिजली की वर्गात त्या नावाचा वेगळा खुलासा करावा लागत नाही.

लोकांनी ओरड केल्यावर कधी काही परत आलंय का?

आलंय. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एपकॉट पार्कमध्ये १९८३ साली कल्पनाशक्तीवर एक राईड सुरू झाली. फिगमेंट नावाचा लहानसा जांभळा ड्रॅगन आणि त्याचा दाढीवाला सोबती ड्रीमफाइंडर प्रेक्षकांना घेऊन फिरायचे. १९९८ मध्ये ती बंद करून पुढच्या वर्षी नवीन रूपात उघडली, आणि त्यात फिगमेंट जवळजवळ दिसेनासाच झाला. लोकांना ते इतकं लागलं की दोन वर्षांत ती राईड पुन्हा बंद करावी लागली आणि २००२ मध्ये फिगमेंट परत आला. ड्रीमफाइंडर मात्र त्या राईडमध्ये परतला नाही.

उलटंही झालंय. त्याच फ्लोरिडात डिस्नेचं मॅजिक किंगडम हे पार्क १९७१ मध्ये उघडलं तेव्हापासून मिस्टर टोड नावाच्या बेडकाची मोटारीची राईड होती. ती जाणार असं कळल्यावर चाहते टोडचे हिरवे टीशर्ट घालून राईडसमोर जमू लागले. भांडण नाही, दगडफेक नाही, नुसतं येऊन उभं राहायचं. तरी ७ सप्टेंबर १९९८ ला राईड बंद झाली आणि तिथं विनी द पूची राईड आली. पण त्या नव्या राईडमध्ये शिरल्यावर एका भिंतीवर एक चित्र आहे: मिस्टर टोड घराचे कागद घुबडाच्या हातात देतोय. मला हे वाचून भरून आलं. आपल्याकडे जमीन हातची गेली तरी सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद राहते, आधी कोण होतं ते कळतं. त्या चित्राने तेवढं केलं.

जुन्या राईडमध्ये काही चुकीचं, कुणाला अपमानास्पद असेल तर? तरी ती राहावी असं म्हणायचं का?

नाही. अमेरिकेतल्या डिस्नेच्या स्प्लॅश माउंटन या पाण्याच्या राईडचं उदाहरण यात सगळ्यात मोठं आहे. डिस्नेच्या १९४६च्या एका चित्रपटातली पात्रं तिच्यात होती, आणि त्या चित्रपटाने गुलामगिरीनंतरच्या काळातल्या, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या जुन्या मळ्यांवरच्या कृष्णवर्णीयांचं गोडगोड आणि खोटं चित्र रंगवलं अशी टीका तो आला तेव्हापासून होती. जून २०२० मध्ये राईड बदलणार असं जाहीर झालं. फ्लोरिडात ती जानेवारी २०२३ मध्ये आणि कॅलिफोर्नियात मे महिनाअखेर बंद झाली. २०२४ मध्ये तिथं टियाना या कृष्णवर्णीय राजकन्येची राईड सुरू झाली. उतार तोच, पाणी तेच, गोष्ट वेगळी.

माझ्या मते बदल योग्य होता. आपल्या बापजाद्यांची हेटाळणी बघायला तिकीट काढून रांगेत उभं राहायचं, ही वेळ कुठल्याच मुलावर येऊ नये. पण ज्यांनी लहानपणी वडिलांच्या मांडीला चिकटून त्या उतारावरून पहिली उडी घेतली, त्यांचं रडूही खोटं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. शेवटच्या दिवसांत काहींनी तिथलं पाणी बाटलीत भरून नेलं. लोक त्यांना हसले. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावरून पाणी आणून देव्हाऱ्यात ठेवणाऱ्या घरात मी वाढले, मला काही हसू आलं नाही. आणि एक गोष्ट त्यांना मिळाली जी आमच्या मुलीला मिळाली नाही: जाहीर झाल्यापासून बंद होईपर्यंत अडीच वर्षं होती. ज्याला यायचं होतं तो येऊन गेला.

सांगलीत हे समजावून सांगायला सोपं जातं. १८४३ साली मराठी नाटकाचा पहिला खेळ जिथं झाला ते हे गाव. नणंदेचे सासरे जुन्या संगीत नाटकांचे दर्दी आहेत. नव्या संचात पदं कमी केली की ते कुरकुर करतात, पण पहिल्या रांगेत बसून ऐकतात. वेळ वाचवायला गायकाने पद समेवर न आणता मधेच सोडलं तर मात्र उठून जातात. कात्री त्यांना चालते. समेवर न येणं चालत नाही.

राईडपेक्षाही जास्त नाराजी कशाची असते?

रांगेची. याबद्दल थोडं लांबण लावते.

डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास सुरू केला तेव्हा तो फुकट होता. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, त्यावरच्या वेळेला परत यायचं, लहान रांगेतून आत जायचं. दहा डॉलर खिशात असलेला आणि हजार असलेला, दोघांनाही तीच चिठ्ठी. कोविडमध्ये ते थांबलं आणि २०२१ मध्ये त्याच सोयीला पैसे लागू लागले. त्यानंतर नावं बदलली, पैसे राहिले. तिथल्या जुन्या लोकांना राईड गेल्याचं दुःख एका जागी, पण हे फुकटचं विकत झाल्याचं दुःख वेगळंच आहे. १९५५ मध्ये डिस्नेलँडचा प्रवेश एक डॉलर होता, राईडची तिकिटं निराळी. ऑक्टोबर २०२४ मध्ये गर्दीच्या दिवसाचं एका पार्कचं तिकीट २०६ डॉलरवर गेलं होतं, आणि लवकर आत जायचे पैसे त्याच्यावर आणखी.

आपल्याकडेही मोठ्या पार्कांत जास्त पैसे भरून लवकर आत जायची सोय आहे. पार्कवाल्यांची बाजू मला कळते: जागा, वीज, परदेशी सुटे भाग, शेकडो माणसांचे पगार, शिवाय पावसाळ्यात गर्दी ओसरते. कराचंही आहेच. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा अशा पार्कांच्या तिकिटावर २८ टक्के लागायचा, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आला. सगळं मान्य. तरी एका सहलीतला प्रसंग मनातून जात नाही. आम्ही सव्वा तास रांगेत होतो. शेजारच्या कठड्यापलीकडून वेगळ्या रंगाचे पट्टे बांधलेली माणसं न थांबता पुढं जात होती. आठवीतल्या एका मुलाने विचारलं, “बाई, ते कुणाची ओळख घेऊन आलेत का?” मी म्हटलं, ओळख नाही, जास्त पैसे भरलेत. तो थोडा वेळ बोटांवर हिशेब करत राहिला. मग म्हणाला, “आपण सगळ्यांनी भरले असते तर पुढच्या वर्षीची पण सहल झाली असती.” त्याच्या वडिलांनी सहलीचे पैसे तीन हप्त्यांत दिले होते.

रांग लांब असते याचं कुणालाच काही वाटत नाही, आपण रेशनच्या आणि देवळाच्या रांगेत वाढलेली माणसं आहोत. रांगेत आपल्याला आपली जागा दाखवली जाते, ते लागतं. लहान मुलांच्या सहलींना निदान दिवसातला एक तास तरी तो वेगळा दरवाजा उघडावा, असं मला मनापासून वाटतं.

खोपोलीच्या पार्कचं नाव, मालक बदलले. त्याने काय फरक पडला?

आधी काय काय झालं ते. २०१३ च्या एप्रिलमध्ये मनमोहन शेट्टींनी ॲडलॅब्स इमॅजिका सुरू केलं. २०१४ मध्ये वॉटर पार्क आलं, मग हॉटेल, २०१६ मध्ये बर्फाचं पार्क. नंतर नावातून ॲडलॅब्स गेलं, इमॅजिका राहिलं. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते घेतलं. शिर्डी आणि लोणावळ्याची वॉटर पार्कं चालवणारे तेच.

नावाचं म्हणाल तर आमच्या शाळेतले शिपाईमामा अजून ‘ॲडलॅब’च म्हणतात, आणि आम्ही सगळे पुणे-बेंगळुरू रस्त्याला अजून ‘एनएच फोर’ म्हणतो, त्याचा ४८ होऊन कितीतरी वर्षं झाली तरी. कोचीचं वीगालँड आता वंडरला झालं, तिथंही जुनी माणसं जुनंच नाव घेत असतील. नाव बदलल्याने कुणी दुखावत नाही. आत गेल्यावर ओळखीच्या वळणावर ओळखीची गोष्ट असली की झालं.

जत्रेतला पाळणा दरवर्षी बदलतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. मग पार्कचंच का?

फार चांगला प्रश्न आहे, आणि तो मला माझ्या सासूबाईंनी विचारला होता. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. नोटांच्या माळांनी मढलेला रथ, बैलबाजार, आणि पलीकडच्या मैदानात आकाशपाळणा, ब्रेक डान्स, टोराटोरा, मौत का कुआं. यंदाचा पाळणेवाला पुढच्या वर्षी येईलच असं नाही. कुणी हळहळत नाही, कारण आपण पाळण्यासाठी गेलेलो नसतो. रथ तोच, तिथी तीच, पाळणा पाहुणा. पाहुणा बदलला तर घर बदलत नाही.

पार्कात रथ नाही. तिथं जे आहे ते राईड आणि तिच्याभोवती रचलेली गोष्टच, तीच तिथली मूर्ती. मॅजिक किंगडममधली नदी, वाफेची बोट आणि मधलं बेट ६ जुलै २०२५ नंतर बंद केलं, तिथं मोटारींच्या सिनेमावरचा नवा भाग होणार. नदी पार्क उघडल्यापासूनची, १९७१ची. त्या नदीवर मोठी राईड कुठलीच नव्हती. लोक काठावर बसायचे, दमलेल्या पोराला मांडीवर झोपवायचे, बोटीचा भोंगा ऐकायचे. तिच्यासाठी इतके लोक का रडले हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. माहुलीच्या घाटावरही करायचं काहीच नसतं, नुसतं बसायचं असतं.

अख्खं पार्कच बंद पडलं तर?

माझ्या पिढीने ते सोसलंय. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं. नव्वदच्या दशकात साताऱ्यातल्या शाळेतून एसटीने मुंबई, मग होडीने खाडी ओलांडून पलीकडे, ही आमच्या आयुष्यातली पहिली मोठी सहल होती. बरोबरच्या निम्म्या मुलींनी समुद्राचं पाणी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एस्सेलवर्ल्ड आता बंद झालंय, लागून असलेलं वॉटर किंगडम उरलं. दिल्लीचं अप्पू घर १९८४ मध्ये उघडलं, आशियाई खेळांच्या हत्तीच्या नावाचं, ते २००८ मध्ये गेलं. अशा वेळी तक्रार करायलाही कुणी समोर नसतं.

मुलांना या सगळ्याचं काही वाटतं का?

वाटतं, पण ती बोलत नाहीत. सहलीनंतर निबंध लिहायला दिला की त्यात येतं.

खाण्यापिण्यातले बदल?

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, हे बहुतेक मोठ्या पार्कांत पहिल्यापासून आहे. धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी गाडीत ठेवायची, गेटाबाहेर पोटभर खाऊनच आत जायचं. आत मराठी जेवणाची थाळी मिळाली तर तिचं कौतुक कर्मचाऱ्यांजवळ तोंडाने करून या. तक्रार सगळे करतात.

जाण्याआधी काय बघून घ्यावं?

फोन करा आणि राईडचं नाव घेऊन विचारा. ‘सगळं चालू आहे ना?’ असं विचारलं तर ‘हो’ असंच उत्तर मिळतं. ‘अमुक राईड परवा चालू आहे का, दुरुस्तीला आहे का, की कायमची बंद?’ असं विचारलं की समोरचा माणूस उठून बघून येतो. दुरुस्ती आणि कायमची बंद या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, दुरुस्तीला गेलेली राईड म्हणजे काळजी घेणारं पार्क.

मुलांची उंची घरीच मोजा, चपला काढून. निघायच्या आधी प्रत्येक मुलाला विचारा की तुझ्या दोन राईड कुठल्या. त्यातली एक बंद असेल तर घरीच सांगा, गेटात नको. जून ते सप्टेंबरात जात असाल तर वीज चमकू लागली किंवा वारा सुटला की उघड्यावरच्या राईड थांबवतात हे धरून चाला. ते बरोबरच आहे, तिथल्या माणसाशी वाद घालू नका. डिसेंबर-जानेवारीत मधल्या वारीही गर्दी असते, कारण आमच्यासारख्या सगळ्या शाळा तेव्हाच निघतात. वॉटर पार्कात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे घरूनच न्या.

पार्कवाल्यांनी काय करावं, असं नेहमीच्यांना वाटतं?

मी शाळेतर्फे दोन पार्कांना पत्र लिहिलं होतं, त्यात हेच होतं. राईड बंद करायची तारीख निदान एक हंगाम आधी सांगा आणि गेटावर, तिकिटाच्या खिडकीवर, फोनवर तेच सांगा. शेवटच्या महिन्यात ज्यांची उंची नुकतीच भरली अशा मुलांना पुढं घ्या. आणि जुन्यातलं काहीतरी ठेवा. युनिव्हर्सलने शार्कची राईड पाडली, पण उलटा टांगलेला मोठा शार्क दुसरीकडे नेऊन उभा केला. त्याच्या जबड्यात डोकं घालून आजही लोक फोटो काढतात. एक गाडी, एक फलक, रुळाचा एक तुकडा, काहीही चालेल. पट्टीसुद्धा चालेल.

एका पार्ककडून उत्तर आलं. छापील होतं, पण खाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं: ‘बाई, मुलांना घेऊन या.’ ते पत्र मी जपून ठेवलं आहे.

यंदा जाणार का?

हो, पुसेगावची यात्रा झाली की. मुलगी आता पुण्याला कॉलेजात आहे, ती तिकडूनच येईल. धाकटा तिसरीत आहे. दाराच्या चौकटीवर आता दोघांच्या खुणा आहेत. या खेपेला लाल रेघेची खूण करायच्या आधी मी पार्कात फोन करून विचारलं, ती राईड अजून किती वर्षं राहणार आहे. पलीकडची मुलगी क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, थांबा हं मॅडम, मी विचारून सांगते. पंधरा मिनिटांनी तिचा फोन आला. पुढची तीन वर्षं तरी काढायचा विचार नाही म्हणाली. धाकट्याला अजून चार बोटं वाढायचं आहे.